सात-एक-एक

पुंता अरेनासला वारा सुटला की
चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
त्या रात्री फक्त आमच्या सर्व्हरला दोर नव्हता.

फाब्रिसिओ ओयारसून, वय तेवीस.
एका विद्यार्थिनीला त्याला क्रिलच्या मोजणीचा तक्ता दाखवायचा होता.
परवानगी नाही, असं आलं.
पुन्हा: परवानगी नाही.
मग वैतागलेला माणूस करतो तेच त्यानं केलं,
सात-सात-सात, तळापर्यंत,
आणि एक तिरकी रेघ नको तिथे पडली.

चार वाचायला, दोन लिहायला,
एक उंबरठा ओलांडायला; बेरीज सात.
पहिला सात मालकाला, दुसरा गटाला,
तिसरा उरलेल्या सगळ्यांना,
म्हणजे ज्यांच्यापासून झाकायचं त्यांनाच.
एकशे चौदा घरांच्या
झाकल्या मुठी
रात्री दहा ते पहाटे दोन
सताड.

सकाळी नोंदी मी काढल्या.
मी नेलिदा बार्रिया, या यंत्रावरची रूट.
लेखापालानं संचालिकेचा राजीनामा वाचला होता,
जो तिनं अजून दिलेला नव्हता.
दोघांनी एकमेकांचे पगार.
कुणीतरी बाराच्या सुमाराला
आपलंच घर उघडून बराच वेळ बसलं होतं.

दुपारी केक कापला, कुणाच्या तरी वाढदिवसाचा.
लेखापालानं संचालिकेला मोठा तुकडा दिला.
ती म्हणाली, एवढा कशाला?

उघडायला एक ओळ पुरली होती.
मिटायला तीन आठवडे लागले,
कारण आधी कुणाचं काय किती उघडं होतं
हे ज्याचं त्यालाही आठवेना.
वही घेऊन मी खोलीखोलीत विचारत फिरले:
हे कुणी पाहिलं तर चालेल?
आणि हे?

भरती-ओहोटीवाल्या येर्को मिमिकानं
आधी पंख्याच्या आवाजाची तक्रार केली.
मग गंजलेल्या मापकाची.
ताकाला आला होता, भांडं लपवत होता.
शेवटी म्हणाला,
असं होतं का, की आत काय आहे ते दिसू नये,
पण एखाद्याला फाइलीचं नाव ठाऊक असेल
तर त्याला ती उघडता यावी?

होतं. इतरांचा चार काढायचा, एक ठेवायचा.
दिवा नसलेल्या खोलीत
नेमक्या फळीवर हात जाणाऱ्याला मुभा.
नाव कुणाला ठाऊक आहे?
दान्कोला, म्हणाला.
दान्को त्याचा मुलगा, आमच्याच बोटीवर इंजिनात.
सहा वर्षं दोघं बोलत नाहीत.
तो लहान असताना आम्ही एक होडी केली होती,
तिचं नाव.
ती तरंगली का, मी विचारलं.
नाही, म्हणाला.

मी सात-एक-एक लिहिलं.

मला नाव पाहता आलं असतं.
रूटला कुणी अडवत नाही, भिंतीलाच डोळे असतात तिच्या.
दोनदा आज्ञा टंकली,
दोनदा खोडली.
मात्र नाव न छापता
फाइल शेवटची कधी उघडली
ती नुसती वेळ छापता येते.
तेवढं मी करते, शुक्रवारी, निघताना.
हे बरोबर आहे की नाही, मला माहीत नाही.

नोव्हेंबर. डिसेंबर. तीच वेळ,
येर्कोनं स्वतः वाचून पाहिलं होतं तेव्हाची.
मार्चमध्ये बोट पुएर्तो विल्यम्सला थांबली,
आणि त्या शुक्रवारी वेळ बदललेली:
पहाटे तीन सत्तेचाळीस.

येर्को डबा खात होता, मटार आणि भात.
मला पाहून म्हणाला, तो पंखा अजून वाजतो.

बॅकअपही पहाटे तीनला सुरू होतो.
तोही सगळ्या फाइली वाचतो,
कुणाची आठवण न ठेवता.
साडेतीनला उरकतो शक्यतो.

कधी कधी लांबतो.